मेधाचा आवाज

त्यांनी मला बाथरूमच्या दाराआड उभं केलं.

दार अर्धं लोटलेलं. आत मी. बाहेर पलंगावर बाई उशीला टेकून बसलेल्या. पलंगाच्या कडेला मेधाताई, हिरव्या रेशमी साडीत, हातात शिऱ्याची वाटी. समोर वहिनी मोबाइल धरून उभ्या.

"बोल," वहिनी हळूच म्हणाल्या.

मी बोलले. "आई, मी मेधा. तोंड उघड बरं. शिरा खा थोडासा."

बाईंनी तोंड उघडलं. मेधाताईंनी चमचा आत घातला. वहिनींनी ते मोबाइलमध्ये घेतलं.

"अजून एक," मेधाताई म्हणाल्या. दाराकडे न बघता. माणसाला सांगतात तसं नाय, बटण दाबतात तसं.

"आई, अजून एक घास. माझ्यासाठी."

हे 'माझ्यासाठी' मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं घातलं. आज त्या सगळ्या दिवसातली मला सगळ्यात जास्त किळस कशाची येत असेल तर त्या एका शब्दाची.

माझ्या पायाखाली फरशी ओली होती. शेजारी बादली. सकाळी बाईंनी घाण केलेली चादर तिच्यात भिजत होती. बाहेर वाढदिवस चालला होता. बाईंना ऐंशी वर्षं झाली होती. फुलं, शिरा, रेशीम. वास सगळा माझ्याकडे होता.

मोबाइलमध्ये माझा आवाजही राहणार नव्हता. वहिनी म्हणाल्या होत्या, नंतर आवाज काढून टाकू आणि छानसं गाणं लावू. म्हणजे मी त्या खोलीत कुठंच नव्हते. माझं अंग दाराआड, नाव मेधाचं, आवाज पुसायचा.

ही वाशिंदची गोष्ट. स्टेशनच्या पलीकडे नव्या बिल्डिंगी उभ्या राहिल्यात, त्यातल्या एकीत चौथ्या मजल्यावर हे घर. बाई म्हणजे घरातली म्हातारी. आयुष्यभर शहापूर तालुक्यातल्या शाळांत मराठी शिकवलं, म्हणून शेजारीपाजारी सगळे त्यांना बाईच म्हणायचे. आता त्यांच्या डोक्यातलं सगळं विस्कटलं होतं. जेवलो का नाय ते कळत नव्हतं. नवरा वारलाय हे एक दिवस माहीत असायचं, दुसऱ्या दिवशी नसायचं. मुलगा आणि सून, मी त्यांना दादा आणि वहिनी म्हणायची, दोघंही मुंबईला कामाला. मुलगी मेधा परदेशात. वीसेक वर्षं झालेली जाऊन.

मी डोळखांबच्या वरच्या अंगाला एका पाड्यावरची. भात, नाचणी, आणि पीक निघालं की वीटभट्टी. आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकले. मी नववीत असताना बाप गेला. शाळेत निरोप यायला दोन दिवस लागले. मी पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं. बारावीनंतर शहापूरला आजारी माणसांची देखभाल करायचा कोर्स केला आणि एका ब्युरोनं मला वाशिंदला पाठवलं. चोवीस तासांचं काम. तिथंच राहायचं.

पहिल्या दिवशी बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आलीस मेधा?"

मी म्हटलं, "नाय बाई, मी मेधा नाय."

त्यांचा चेहरा बदलला. "नाय? माझी मेधा असं बोलत नाही. कोण आहे ही? हिला बाहेर काढा."

पाण्याचा पेला माझ्या अंगावर फेकला. त्या दिवशी त्या जेवल्या नायत. संध्याकाळी वहिनी आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "अगं, मग हो म्हण ना. त्यांना बरं वाटतं. तुझं काय जातं?"

मला पण तेव्हा वाटलं, खरंच, माझं काय जातं?

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुरू झाली. वहिनी ऑफिसला जायच्या आधी अर्धा तास मला शिकवायच्या. 'नाय' म्हणायचं नाही, 'नाही' म्हणायचं. आमी नाही, 'आम्ही'. पानी नाही, 'पाणी'. ण म्हणताना जीभ मागं घे. हसताना एवढं मोठं हसू नकोस, मेधा तशी हसत नाही. मला भाषा लवकर येते. आठ दिवसांत मी बोलायला लागले. वहिनी दादांना म्हणाल्या, "ऐकलंत का? डोळे मिटले तर मेधाच."

मग माळ्यावरून एक बॅग काढली. मेधाताईंचे जुने ड्रेस. थोडे आत शिवले आणि मला बसले. मेधाताई लावायच्या तसल्याच वासाची पावडर आणली. मग एका रविवारी वहिनी मला स्टेशनजवळच्या पार्लरमध्ये घेऊन गेल्या. मेधाचे केस खांद्यापर्यंत होते म्हणे. माझी वेणी कंबरेपर्यंत. पार्लरवालीनं ती एका हातात धरली, दुसऱ्या हातानं कापली आणि विचारलं, "घरी नेणार का?" वहिनी म्हणाल्या, "कशाला?"

वेणी तिथंच राहिली.

त्या घरात मी दोन वर्षं होते. दोन वर्षांत माझं नाव कुणी एकदाही घेतलं नाय. बाईंसमोर मेधा. त्यांच्या मागं 'अगं'. दादा तर नुसते घसा खाकरायचे आणि मी जायची. आधार कार्डाची झेरॉक्स घेतली होती त्यांनी, तेव्हा वाचलं असेल तेवढंच.

हे सगळं मला जबरदस्तीनं झालं असं सांगता आलं असतं तर सोपं होतं. पण मला ते आवडायला लागलं होतं. हे लिहायलाच पाहिजे. बाई दुपारी माझा हात हातात घेऊन झोपायच्या. माझ्या गालावरून हात फिरवायच्या. म्हणायच्या, "किती वाळलीस गं मेधा." मी एका हॉलमध्ये रांगेनं झोपून मोठी झालेली पोर. माझ्या गालावरून असा सावकाश हात कुणी फिरवला नव्हता. आयला वेळ नव्हता. मला माहीत होतं हा हात माझ्यासाठी नाय. तरी गाल माझाच होता ना. असं मी स्वतःला सांगायची.

एका दुपारी मी त्यांच्या केसांना तेल लावत होते. बाई खुशीत होत्या. त्यांना वाटत होतं त्या आत्ताच शाळेतून आल्यात.

"आज त्या पाड्यावरच्या मुलींना मागे बसवलं बघ मेधा," त्या म्हणाल्या. "वास येतो गं. धुराचा, अजून कसला कसला. पुढे बसल्या की मला शिकवणं सुचत नाही. आणि काही विचारलं की सुरू, नाय बाई, आमी नाय बाई. शेळ्या जशा."

त्यांनी नक्कल केली. मान वाकडी करून, ओठ लांब करून. "नाऽऽय बाई." आणि हसल्या. लहान पोरीसारख्या.

आणि मी हसले.

घाबरून नाय हसले. काम म्हणून नाय हसले. मेधा हसली असती तशी हसले, ओठ मिटून, नाकातून. नक्कल चांगली होती म्हणून हसले. त्या वेळी, त्या एका क्षणी, त्या पोरी माझ्या कुणी नव्हत्या.

मग बाथरूममध्ये जाऊन मी माझ्या हाताचा वास घेतला. दंडाचा घेतला. मेधाच्या पावडरीचा वास येत होता. धुराचा नव्हता. मला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून ओकारी आली. दोन्ही एकदमच. तोंड धुतलं आणि परत जाऊन केस विंचरले. ज्या हातांनी बाईंनी आमच्यासारख्या पोरींना मागं बसवलं तेच हात माझ्या गालावरून फिरायचे. त्यांना फरक पडत नव्हता. मला पडायला पाहिजे होता. पण मी त्यानंतरही तो गाल पुढं करत राहिले.

आणि मग आय आली.

दिवाळी झाली होती. मी दोन महिन्यांत घरी गेले नव्हते, म्हणून ती स्वतःच आली. जीपनं शहापूरपर्यंत, तिथून एसटी, मग कागदावरचा पत्ता विचारत विचारत. शनिवार होता. बाई हॉलमध्ये सोफ्यावर. वहिनी स्वयंपाकघरात. बेल वाजली, मी दार उघडलं. आय उभी. हातात फडक्यात बांधलेले नव्या भाताचे पोहे, तिनं स्वतः कांडलेले.

तिनं आधी माझ्या डोक्याकडे बघितलं. "केस कुठं गेलं गो तुझं?"

मागून बाईंनी विचारलं, "मेधा, कोण आलंय?"

मी वळले. बाई मान उंचावून बघत होत्या. त्यांच्या तोंडावर ती भीती यायला लागली होती, पेला फेकायच्या आधी यायची ती. मी म्हटलं, "कोणी नाही आई. पोहेवाली आली आहे."

स्वच्छ म्हटलं. 'नाही'. 'आई'. जीभ जिथं पाहिजे तिथं लागली.

आय शिकलेली नाय, पण तिला कळायला वेळ लागला नाय. तिनं माझ्याकडे बघितलं, मग आत सोफ्यावरच्या म्हातारीकडे बघितलं. मग वाकून गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं.

"बघून घ्या बाय," ती मला म्हणाली. "चांगले हायत."

माझ्या आयनं मला 'घ्या' म्हटलं. मग ती जिन्यानं खाली गेली. चार मजले. लिफ्ट समोर होती, पण तिला ती चालवता येत नव्हती आणि मी तिच्याबरोबर गेले नाय.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "बरं केलंस. आईंना उगाच त्रास झाला असता."

म्हणजे त्यांना कळलं होतं ती कोण ते. पोहे त्यांनी रविवारी कांदा घालून केले. छान आहेत म्हणाल्या. मला बशी दिली. मी ती बाईंना भरवली.

त्याच हिवाळ्यात एक दुपार होती. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "बाबा गेले तेव्हा तू आली नाहीस."

मला ही गोष्ट माहीत होती. नवऱ्याच्या वेळेला मेधा आली नाय, तेव्हा बाई फोनवर तिला म्हणाल्या होत्या, आजपासून तूही मला मेलीस. त्यानंतर दोघी धड बोलल्याच नव्हत्या. वहिनी हे सगळं फोनवर मैत्रिणीला सांगायच्या, मी ऐकलेलं.

मी म्हटलं, "हो आई. नाही आले."

"मी फार बोलले तुला. बोलायला नको होतं. तू तिकडे एकटी रडली असशील." त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. "सोडून दे पोरी. मीपण सोडलं. माझ्या मनात काही नाही."

मी रडायला लागले. हुंदके देऊन रडले. मेधाचं रडणं मला कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळं ते माझंच आलं. माझ्या बापाला मी शेवटचं बघितलं नव्हतं. त्यासाठी मला कुणी कधी सोडून दे म्हटलं नव्हतं. ते मला त्या दिवशी मिळालं, दुसरीच्या नावावर, जिनं माझ्यासारख्या पोरींना मागं बसवलं त्या बाईकडून. आता सांगा, रडली ती कोण? माफ केलं ते कुणाला? मी किती रात्री हे उलटसुलट केलं. हाती काही लागलं नाय. एवढंच कळलं, की वहिनी म्हणतात तसं काहीच जात नाय, हे खोटं आहे. रोज थोडं थोडं जातं. आणि जे जातं त्याच्या जागी दुसऱ्याचं येऊन बसतं, आणि आपण त्याला आपलं म्हणून कुरवाळतो.

ऐंशीव्या वाढदिवसाला मेधाताई आल्या. खऱ्या. बॅग घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांनी "आई" म्हणून हाक मारली. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "मेधा, ह्या बाईंना चहा दे आणि पाठव."

मेधाताईंचं तोंड पांढरं झालं. मग त्यांनी मला बघितलं. वरपासून खालपर्यंत.

"हिनं माझा ड्रेस का घातलाय?"

वहिनींनी काहीतरी सांगितलं. हळू आवाजात, इंग्रजीत.

"काढ तो," मेधाताई मला म्हणाल्या.

मी आत जाऊन माझे कपडे घातले. माझ्याकडे एकच धड ड्रेस होता आणि तो मला सैल झाला होता. बाहेर आले तर बाई परत म्हणाल्या, "ये मेधा, बस." कपड्यांवर काही नव्हतंच. आवाजावर होतं. मेधाताई पुढं होऊन बोलल्या की बाई अंग चोरायच्या. वीस वर्षांत त्यांचा आवाज बदलला होता. बाईंच्या कानातला जुना आवाज माझ्याकडे होता.

म्हणून मग वाढदिवसाला ते बाथरूमचं दार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेधाताई स्वयंपाकघरात आल्या. मी भांडी पुसत होते. त्या स्टुलावर बसल्या. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"मला आईची माफी मागायची आहे," त्या म्हणाल्या. "बाबांच्या वेळेला मी आले नाही. आता तिला माझं काही ऐकू जात नाही. मी बोलले की घाबरते. तू कालसारखी उभी राहा. मी तिचा हात धरून बसते. तू फक्त म्हण, आई, मला माफ कर. ती काय म्हणते ते मला ऐकायचं आहे."

त्यांचे डोळे भरले होते. खोटं रडत नव्हत्या. हेही मी लिहिते, कारण ते खरं आहे.

मी म्हटलं, "माफी तुमची आहे ताई."

"हो. पण आवाज तुझा लागेल." मग म्हणाल्या, "प्लीज. दोन शब्द आहेत. तुझं काय जातं?"

मी फडकं ठेवलं. जाऊन त्या दाराआड उभी राहिले. सवयीनंच पाय तिकडे गेले. मेधाताई पलंगावर बसल्या. बाईंचा हात धरला. वहिनी कपाटाला टेकून उभ्या. सगळे थांबले.

मी म्हटलं, "आई."

बाई म्हणाल्या, "काय गं?"

पुढचा शब्द येईना. अडकला असं नाय. मला तो म्हणायचाच नव्हता. 'आई' म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर जिना आला आणि त्याच्यावरून कठडा धरून उतरणारी माझी आय. माफी मागायची होती, हे बरोबर होतं. पण मला. आणि इथं नाय. आणि ह्या शब्दांत नाय.

मी दार ढकललं आणि बाहेर आले. पलंगासमोर उभी राहिले.

"बाई, मी मेधा नाय," मी म्हटलं. "मी कधीच मेधा नव्हते. ही तुमचा हात धरून हाय ती मेधा. तुमची पोर. तिला माफी मागायची हाय, ती मागल. मी मागनार नाय."

मग मी माझं नाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं. आयचं सांगितलं. पाडा सांगितला. मोठ्यानं सांगितलं. ते नाव इथं लिहीत नाय. ज्यांना सांगायचं होतं त्यांना त्या दिवशी सांगून झालं.

वहिनी म्हणाल्या, "वेड लागलंय का तुला?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. डोळे बारीक करून, फळ्यावरचं वाचावं तसं. मग म्हणाल्या, "पाड्यावरची? ही आत कशी आली? माझ्या पलंगाला हात लावला का हिनं?"

दोन वर्षं. त्यांचं हगणं-मुतणं काढलं, त्यांची नखं कापली, त्यांच्या पाठीवरची जखम भरून आणली. एका 'नाय'मध्ये सगळं संपलं. बाईंनी जिच्या गालावरून हात फिरवला ती मी नव्हतेच. मी माझ्या तोंडानं बोलत राहिले असते तर पहिल्या दिवसापासून मागच्या बाकावरच असते.

बाई थरथरायला लागल्या. आणि त्यांना चादरीतच झाली. वास सुटला. मेधाताईंनी हात सोडला, तोंडाला पदर लावला आणि त्या बाल्कनीत पळाल्या. वहिनी हलल्या नायत. मला म्हणाल्या, "बघतेस काय? कर ना."

मी केलं. बाई आजारी होत्या आणि मी ते काम शिकलेली आहे. कोमट पाणी आणलं. हातमोजे घातले. त्यांना कुशीवर वळवलं. बाई माझ्या हातावर मारत होत्या. "हात लावू नकोस. मेधा. मेधा, हिला काढ." माझ्या तोंडावर त्यांचा एक फटका बसला, नखं लागली. एकदा मेधासारखं "आई" म्हटलं असतं तर त्या शांत झाल्या असत्या. मला माहीत होतं. मी म्हटलं नाय.

"पाय उचला बाई. सरका. झालं हाय." असं बोलत मी सगळं पुसलं, पावडर लावली, नवी चादर घातली. बाई रडत होत्या. मेधा, मेधा करत होत्या. मेधा बाल्कनीत होती.

चादर धुतली. हात धुतले. पिशवी भरली. पाच मिनिटं लागली, माझं तिथं फारसं काही नव्हतंच.

वहिनी म्हणाल्या, "एवढा माज आलाय? ब्युरोला फोन करते. बघू तुला कुठं काम मिळतं."

मी म्हटलं, "करा."

लिफ्टपाशी मेधाताई मागून आल्या. डोळे लाल. "एकच सांग," त्या म्हणाल्या. "ती कधी माझ्याबद्दल काही बोलायची का?"

मला सगळं पाठ होतं. सोडून दे पोरी, मीपण सोडलं. शब्दन् शब्द. सांगितलं असतं तर तीन सेकंद लागले असते.

"बोलायच्या," मी म्हटलं. "मेधाशी बोलायच्या. तुमी तेव्हा नव्हता."

आणि मी खाली गेले. जिन्यानं.

घरी गेल्यावर आय दोन दिवस माझ्याशी बोलली नाय. भाकरी पुढं ठेवायची आणि उठून जायची. तिसऱ्या दिवशी खळ्यात मी तिच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "आय, मी तुला पोहेवाली म्हटलं. माझं चुकलं. लय घान काम केलं."

ती सुपात भात पाखडत राहिली. मग म्हणाली, "ही बोलतंय ती कोन?"

"मीच गो."

"बघू," आय म्हणाली.

तिनं जवळ घेतलं वगैरे नाय. मला ते अपेक्षितही नव्हतं. तिचा तो 'बघू' अजून चालू आहे. केस वाढतायत, ते ती अधूनमधून बघते.

ब्युरोनं मला काढून टाकलं. चार महिने मी घरीच होते, कापणीला गेले, भट्टीवर गेले. आता मुरबाडला एका दवाखान्यात वॉर्डात आहे. तिथंही लोक 'ए' म्हणतात, 'मावशी' म्हणतात, एकानं चुटकी वाजवली. चुटकी वाजवली तर मी वळत नाय. मोठ्या नर्सनं मला दोनदा बोलावून सांगितलं, एवढं ताठ राहून दवाखान्यात चालत नाही. मी म्हटलं, कामात चूक काढा. तिला काढता आली नाय. मी तिथं 'नाय' बोलते, डॉक्टरशीसुद्धा. कुणाला समजलं नाय असं झालेलं नाय.

मेधाच्या भाषेचं म्हणाल तर ती अजून माझ्या तोंडात आहे. झोपेत कधी कधी मी 'नाही' म्हणते असं आय सांगते. मला त्याची शिसारी येते. जीभ धुता येत नाय.

मागच्या महिन्यात मोबाइलवर मेसेज आला. परदेशातला नंबर. मी जेवायला बसले होते. मेधाताईंचा होता.

'अगं, आई गेली. तू त्या दिवशी म्हणालीस ती बोलायची. काय बोलायची ते मला सांगशील का? फार गरज आहे. वहिनीकडून नंबर घेतला. तिच्याकडे तो "आईची बाई" म्हणून सेव्ह होता.'

मी तो तीनदा वाचला. जेवण तसंच राहिलं. बाई गेल्या म्हणून वाईट वाटलं का, तर वाटलं. गाल आठवला. मग ती नक्कल आठवली. दोन्ही एका ताटात.

सांगायचं का? ते माझं नाय, त्यांचं आहे, हे मला कळतं. बाईंनी ते त्यांनाच दिलं होतं, हात चुकीचे होते एवढंच. मला ते ठेवून घ्यायचं नाय. मला दुसऱ्याचं काहीच ठेवून घ्यायचं नाय आता. पण 'अगं' ह्या नावाची बाई मी नाय. 'आईची बाई' ह्या नावाची बाईपण मी नाय. तिला काही माहीत नाय, तिला विचारून उपयोग नाय. ज्या बाईला माहीत आहे तिला एक नाव आहे.

मी उत्तर लिहिलं. 'मेसेजच्या वर माझं नाव लिहा. मग सांगते.'

त्यांनी वाचलं. निळ्या खुणा आल्या. तिकडून काहीतरी लिहिणं चालू झालं, थांबलं, परत चालू झालं, थांबलं. मग आलं, 'सॉरी, तुझं नाव काय होतं?'

होतं.

मी त्याला उत्तर दिलेलं नाय. त्या दिवशी पलंगासमोर उभं राहून मी ते सांगितलं होतं, पूर्ण, आयबापासकट, मोठ्या आवाजात, आणि मेधाताई दोन हातांच्या अंतरावर बसल्या होत्या. ऐकायचं काम त्यांचं होतं. आधार कार्डाची झेरॉक्स त्यांच्या घरात आहे. कपाट उघडावं, शोधावी, वाचावी. मी परत सांगणार नाय.